भिंतीवरचं चित्र काढायचं आहे

डिसेंबरात सोलापूरला कोण जातं, असं मला घरीदारी सगळ्यांनी विचारलं. महाबळेश्वर आहे, गोवा आहे, काहीच नाही तर लोणावळा आहे. सोलापूरला काय बघणार, गिरण्यांची धुराडी? मी म्हटलं, ऊन बघणार. त्यावर माझ्या थोरल्या मेहुण्यांनी जे तोंड केलं त्याचा फोटो घ्यायचा राहून गेला, याची हळहळ मला अजून आहे.

आधी माझ्याविषयी थोडं सांगतो. पुण्यात माझा फोटोचा स्टुडिओ आहे आणि वर्षातले बरेच महिने मी तिथे जोडपी काढत असतो. नवरा खुर्चीत बसलेला, हातात कधीही न वाचलेलं पुस्तक. नवरी त्याच्या डाव्या अंगाला उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर. मागे रंगवलेला पडदा, त्यावर राजवाड्याचा जिना, कारंजं आणि दोन हंस. हे हंस मला स्वप्नात दिसायला लागले तेव्हा मी घाबरलो. दुकानाला कुलूप लावलं, लाकडी कॅमेरा, तिपाई, फोटो उमटतो त्या काचांच्या पेट्या, त्या धुवायची औषधं, छापायचा कागद असं सगळं बांधलं आणि मनाशी पक्कं केलं की या प्रवासात पडदा नाही, खुर्ची नाही आणि जोडपं तर मुळीच नाही. खरा उजेड, आणि त्यात जे सापडेल ते.

सोलापूर निवडलं कारण तिथे शांतवन राहतो. आम्ही पुण्यात शाळेत एका बाकावर होतो. आता तो सोलापुरात मिशनच्या शाळेत मराठी शिकवतो, म्हणजे पोरांच्या ऱ्हस्वदीर्घांवर तांबडी शाई ओततो. स्टेशनवर मला बघून त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "गोविंदा, तुझ्या पत्रात 'उत्सूक'मधला 'सू' दीर्घ होता." मग मिठी मारली.

सोलापूर

पहिल्याच सकाळी मी वेडा झालो. दुसरा शब्द नाही.

शांतवन मला विणकरांच्या गल्लीत घेऊन गेला. इथली निम्मी वस्ती घरात तेलुगू बोलते आणि दाराबाहेर मराठी. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवलेलं सूत काठ्यांवर वाळत टाकलेलं होतं, आणि त्यातून सकाळचं तिरपं ऊन येत होतं. लाल सुतातून आलेलं ऊन पांढऱ्या भिंतीवर गुलाबी होऊन पडत होतं. माझ्या काचेवर रंग उमटत नाही हे मला ठाऊक आहे, वीस वेळा शांतवननेही सांगितलं. पण धाग्याधाग्याच्या सावल्या तर उमटतात! मी तिपाई रोवली आणि काळ्या फडक्यात डोकं घातलं. मागे सरता सरता कुणाच्या तरी खळीच्या भांड्यात पाय गेला. एक बाई तेलुगूत बराच वेळ बोलली. काय म्हणाली म्हणून विचारलं तर शांतवन म्हणाला, "भाषांतर होण्यासारखं नाही."

दुपारी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आम्ही पुण्यात शेंगदाण्याचं जे करतो त्याला चटणी म्हणायची मला आता लाज वाटते. त्यावर तेल घालून शांतवनच्या बायकोने तिसरी भाकरी वाढली तेव्हा मी नको म्हटलं, तर तिने ते ऐकलंच नाही. पुण्यात एकदा नको म्हटलं की नकोच समजतात.

रविवारी त्याच्याबरोबर देवळात गेलो. हो, चर्चला देऊळच म्हणतात हे ख्रिस्ती लोकही. माझी कल्पना अशी की बाकं असतील, बाजाची पेटी असेल आणि सगळं विलायती असेल. बघतो तर दाराशी वहाणांचा ढीग, बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष दुसरीकडे, तबल्यावर ठेका, आणि गाणं थेट आपल्या भजनाच्या चालीवर. म्हाताऱ्यांनी पागोटी डोक्यावर तशीच ठेवली होती. मी हळूच विचारलं, तर शांतवन कानात म्हणाला, "पागोटं मयताला उतरवायचं. देवासमोर उघड्या डोक्यानं कसं उभं राहायचं?" साहेबाचा रिवाज बरोबर उलटा, पण इथे तो दाराबाहेर राहिला होता.

आणि मग खिडकी! वर उंचावर एक रंगीत काचेची खिडकी होती, निळी आणि तांबडी. तिच्यातून ऊन उतरून फरशीवर पडलं होतं. तांबडा तुकडा एका आजोबांच्या पागोट्यावर चढला, तिथून शेजाऱ्याच्या खांद्यावर, तिथून एका बाईच्या हिरव्या चुड्यावर. सगळी मंडळी डोळे मिटून प्रार्थना करत होती आणि मी एकटा डोळे फाडून उजेडाच्या मागे मान फिरवत होतो. पाळकांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं तेव्हा कुठे मी मान खाली घातली. प्रार्थना संपून मला परवानगी मिळेपर्यंत तांबडा तुकडा कोरड्या भिंतीवर जाऊन बसला होता. माझा जीव चुटपुटला.

"काच विलायतेहून आलेली आहे," शांतवन म्हणाला. "तुला आपल्या माणसाच्या हातचं बघायचंय का? मोडनिंबच्या पुढे खडकवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या देवळात भिंतीवर मेंढपाळ आहे."

त्याने सांगितलं ते असं. याच विणकरांपैकी एक जण नाटकाचे पडदे रंगवायचा. बोलपट आले, नाटक कंपन्या बसल्या आणि त्याची कामं आटली. खडकवाडीच्या मंडळींनी त्याला बोलावलं आणि भिंतीवर येशू काढ म्हटलं, चांगला मेंढपाळ, आपल्या मेंढरांना जपणारा. याने विचारलं, इथे मेंढरं कोण राखतं? लोकांनी एका धनगराकडे बोट दाखवलं. याने त्याच धनगराला देवळात उभं केलं आणि जसा दिसला तसा रंगवला. घोंगडी, पागोटं, काठी, खांद्यावर काळं कोकरू. डोक्यामागे फक्त एक पिवळं वर्तुळ जास्त.

"पडदेवाल्यानं काढलाय?" मी विचारलं. मला हंस आठवले.

"बघ तर खरं. पण लवकर. भिंतीला ओल आलीय आणि नाताळाच्या आधी देवळाला चुना देतात. मेंढपाळाचं काय करायचं ते त्यांचं अजून ठरत नाही. एकदा चुना बसला की संपलं."

मी तिथल्या तिथे उडी मारली. बाजाराला आलेला मोडनिंबकडचा एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी परतणार होता. शांतवनने त्याच्यापाशी निरोप दिला, आणि तो मी माझ्या कानांनी ऐकला: "याकोबआबांना सांगा, पुण्याचे पाहुणे येतायत. भिंतीवरचं चित्र काढायचं आहे. भिंत तेवढी साफ करून ठेवा."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मराठी शिकवणाऱ्यालाही वाटलं नाही.

मोडनिंबची वाट

कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसलो. या गाडीतून उतरून, शेतातली हरभऱ्याची डहाळी उपटून पुन्हा चढता येतं असं ऐकलं होतं. मी प्रयत्न केला. येतं, पण धाप लागते.

मोडनिंबला बैलगाडी घेतली आणि मी दुसऱ्यांदा वेडा झालो. काळी जमीन, तिच्यावर पुरुषभर उंच ज्वारी, आणि वर असं आभाळ की त्यात एक ढग सापडायची मारामार. आमच्याकडच्या आभाळाला झाडं, डोंगर, माड्या असं काहीतरी अडवतं. इथे उजेडाला अडवणारं कुणी नाही, तो थेट जमिनीपर्यंत येतो. एका शेतात हुरडा भाजत होते. आम्हाला ओळख ना पाळख, पण हाक आली, "या की पावनं, गरम हाय तवर." तळहातावर चोळून दिलेले ते हिरवे दाणे, गूळ आणि लसणाची चटणी! खाता खाता बघितलं तर राखेचा धूर उन्हात उभा राहिला होता, सरळ खांबासारखा. हुरडा टाकून पळालो. काढला!

मग बाभळीची सावली काढली. मोटेच्या पाण्यावरचं ऊन काढलं. माळावरून मेंढरं येत होती, त्यांच्यामागे धूळ आणि धुळीमागे सूर्य, प्रत्येक मेंढराच्या पाठीवर उजेडाची किनार. मी गाडीवानाला ओरडून थांबवलं, त्यासाठी तीन काचा खर्च केल्या आणि एकदा उताणा पडलो.

"गोविंदा," शांतवन गाडीतूनच म्हणाला, "मेंढपाळासाठी किती ठेवल्यास?"

पेटी बघितली. दोन.

"भिंत काय हलणार आहे?" मी म्हटलं. "भिंगाचं झाकण उघडून ठेवायचं आणि विडी ओढून यायचं. एकच पुरे, दुसरी वरकड."

खडकवाडी

देवळापाशी उतरलो तोच मला वास आला. ओल्या चुन्याचा.

पटांगणात बायका सणासाठी भांडी घासत बसल्या होत्या. आत गेलो. दारासमोरच्या भिंतीवर मेंढपाळ होता, म्हणजे निम्मं चित्र होतं. त्याच्या डाव्या अंगाला जिथे मेंढरांचा कळप असायला हवा होता, तिथे वरपासून खालपर्यंत चुना फासलेला. बाजूच्या भिंतीही पांढऱ्याफेक. मेंढपाळ तेवढा उरला होता, कारण त्याच्या पायाशी, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन एक म्हातारी बसली होती. अंगावर काळी घोंगडी आणि मांडीवर आडवी काठी. तिच्यासमोर चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन एक पागोटेवाले म्हातारे उभे होते, कपाळाला हात लावून.

"याकोबआबा!" शांतवन ओरडला. "हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजे?" याकोबआबा वळले. "तुमचाच सांगावा की मास्तर. 'चित्र काडायचं हाय, भित साप करून ठिवा.' आता ह्यात आनि काय समजायचं?"

"अहो, काढायचं म्हणजे... काढायचं! फोटो!"

"फोटू म्हनला न्हाईसा तुमी."

मी शांतवनकडे बघितलं. साऱ्या जिल्ह्याच्या पोरांना एकेका शब्दासाठी नापास करणारा माणूस तोंड उघडून उभा होता. काढणे. चित्र काढतो तेव्हा ते येतं, आणि डाग काढतो तेव्हा तो जातो. आपण दिवसातून शंभर वेळा हा शब्द वापरतो आणि आपलं काही अडत नाही. इथे मात्र अडलं होतं.

"मागं एक पावनं आलं हुतं," याकोबआबा काकुळतीला येऊन सांगू लागले, "ते म्हनालं, येसूच्या अंगावर घोंगडं कशाला? मेंढरू काळं कसं? तवाच वाटलं, ह्येचा हुकूम कवातरी येनार. सांगावा आला, म्हनलं, आला. आमाला बी लई वाईट वाटलं बगा. पर ही हौसाक्का उटंना. सकाळधरनं बसलीया."

"आदी मला लाव चुना," म्हातारी म्हणाली. "मग त्यास्नी लाव."

"कोण या?" मी विचारलं.

"आमच्या मंडळीतली न्हाय. बिरोबाची हाय. ह्यो भितीवर हाय न्हवं, त्येची मालकीन."

मी तेव्हा मेंढपाळाकडे नीट पाहिलं. आजवर मी पडदेवाल्यांची जी टवाळी केली ती परत घेतो. चेहरा देवाचा कमी आणि शेजाऱ्याचा जास्त होता. एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित बारीक, उन्हात बघून बघून झालेला. मानेभोवती काळं कोकरू, आणि त्याचे पाय धरणारे हात असे की त्यांना लोकरीचा वास येईल. उजेड दाराकडून रंगवलेला होता, जसा त्या देवळात खरोखर येतो तसा. पण रंगाला पोपडे धरले होते. चुन्याचं पाणी भिंतीत मुरत होतं, आणि मी बघतो आहे तोवर घोंगडीच्या कडेचा एक पोपडा सुटून खाली पडला.

"उद्यापतुर टिकंल असं वाटत न्हाय," याकोबआबा हळूच म्हणाले.

मी घाईघाईने तिपाई उभी केली आणि म्हणालो, "आक्का, जरा बाजूला सरा. चित्र काढायचंय."

म्हातारीने काठी उचलली.

"फोटो!" शांतवन आणि मी एकदम ओरडलो. "फोटो काढायचाय!"

"काडून कुटं नेनार?"

"कुठेच नेणार नाही. कागदावर असाच्या असा उमटेल. तुम्हालाच देईन."

"आनि भितीवरचं?"

"त्याला आम्ही हातसुद्धा लावत नाही."

ती उठली, थेट कॅमेऱ्यामागे आली आणि काळ्या फडक्यात डोकं घातलं. मग आतून आवाज आला, "अगं बया! मालक उलटं की!" कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं, डोकं खाली आणि पाय वर. ते तिला समजावता समजावता मला घाम फुटला. बायका दारात येऊन हसू लागल्या. हौसाक्का मात्र हसली नाही. फडक्यातून बाहेर आली आणि भिंतीकडे बघत राहिली.

"तीन वर्सं झाली, तापानं गेलं," ती म्हणाली. "त्या पेंटरनं हितं उबं केलं तवा लई कुरकुर केली. म्हनं मेंढरं कोन बगंल? दर ऐतवारी म्या दारात यून बगून जाती. त्येंचं दुसरं काय न्हाय माज्याजवळ." मग माझ्याकडे वळली. "बाबा, मला बी घे. जोडीनं काड. एकदा जत्रंत काडनार हुतो, पर त्यास्नी लाज वाटली."

मी पुण्याहून कशापासून पळालो होतो ते वाचकांनी आठवावं. रंगवलेला पडदा आणि नवराबायको! मी शांतवनकडे बघितलं आणि दोघांनाही हसू आवरेना, आणि माझे डोळेही भरून आले. ते दोन्ही एकदम होतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पण अडचण खरी होती. नुसती भिंत असती तर झाकण उघडून विडी ओढून आलो असतो. जिवंत माणूस तेवढा वेळ दगडासारखा उभा राहत नाही, आणि आत अंधार. खिडक्या हातभर, सूर्य दारावरून सरकलेला. उद्यावर टाकावं तर उद्या भिंत नाही.

"उजेड हवा," मी म्हणालो. "भरपूर हवा. आणि आत्ता हवा."

तेवढ्यात माझ्या डोळ्यांवर तिरीप आली. पटांगणात एक बाई चिंचेने घासलेली पितळी परात उपडी करत होती आणि तिची लखलख दारातून थेट माझ्या तोंडावर. मी असा ओरडलो की ती परात टाकून उठली.

"परात! पराती आणा! सगळ्या आणा!"

अहो, काय सांगू! घराघरातून पराती आल्या, ताटं आली, कुणी हंड्याचं झाकण आणलं. बायका उन्हात ओळीने उभ्या राहिल्या आणि दारातून सूर्याचे तुकडे आत येऊन भिंतीवर नाचू लागले. एक मेंढपाळाच्या नाकावर, एक छताला, एक शांतवनच्या चष्म्यावर. मी आतून ओरडत होतो, "वर! अजून वर! चंपाबाई, हलू नका!" चंपाबाई कोण ते मला अजून माहीत नाही, पण त्या नावाला तीन जणी ओ देत होत्या.

हौसाक्काने घोंगडी डोक्यावरून नीट घेतली आणि कुणी न सांगता नवऱ्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. तिथे मेंढरं होती तेव्हा जागाच नव्हती. याकोबआबांच्या कुंच्याने ती तिच्यासाठी मोकळी करून ठेवली होती.

पण तिरीप डोळ्यांत गेली की ती डोळे मिटायची, आणि तोंडावर ठिपके नाचायचे. ते तसं उमटलं असतं तर देवी आल्यासारखं दिसलं असतं. मी डोकं धरून बसलो. तेवढ्यात एकीचा हात अवघडला, परात कलली, तिचा उजेड बाजूच्या भिंतीवर गेला, त्या ताज्या, पांढऱ्या, वाळत आलेल्या चुन्यावर. आणि तिथून परतून तो मऊ होऊन दोघांच्या तोंडावर पडला. दोघांच्याही! सारखा!

"तिकडे! सगळ्यांनी तिकडे! चुन्यावर टाका!"

सगळ्या पराती चुन्यावर वळल्या आणि ते अंधारं देऊळ दुधाने भरल्यासारखं उजळलं. आमच्या पुण्यात चुना लावणं म्हणजे फसवणं. त्या दिवसापासून मी तो शब्द तसा वापरायचं सोडलं आहे.

पहिल्या काचेचं वाटोळं झालं. मी झाकण उघडलं, हौसाक्का खांबासारखी उभी, सगळं गाव श्वास धरून, आणि दारातून "बेंऽऽ" करत एक काळं मेंढरू आत आलं. सुनेकडे सोडलेल्या कळपातून ते तिला शोधत आलं होतं. तिने मान वळवली. संपलं.

आता एकच काच. विकत घ्यायला तिथे दुसरी मिळत नव्हती. मेंढरू तिच्या पायाशी बसलं होतं. त्याला उठवायला कुणी धजेना.

"आक्का," मी म्हणालो, "हात त्यांच्या खांद्याशी न्या, पण टेकवू नका. पोपडा सुटेल."

तिने हात नेला आणि बोटभर अंतरावर थांबवला. मी झाकण उघडलं, मनात आकडे म्हणू लागलो, आणि मला वाटलं, आता हिचा हात टेकेल, आता ही रडेल. तिने पापणीसुद्धा हलवली नाही. मी झाकण लावलं.

दुसऱ्या सकाळी

काच पुण्याला नेऊन धुवावी असा शहाणपणा शांतवनने सुचवला. मला धीर कुठला? देवळाच्या कोठीच्या खिडकीला गोधड्या बांधून, कंदिलाला तांबडं फडकं गुंडाळून मी ती संध्याकाळीच धुतली. उमटली होती. शांतवनला मी ओल्या हातांनी मिठी मारली आणि त्याच्या सदऱ्याचं कायमचं नुकसान केलं. दाराबाहेर हौसाक्का बसून होती. काळंपांढरं उलटं झालेली काच तिला कशी दाखवणार? "सकाळी," म्हटलं, "उन्हात."

सकाळी काच वाळली. कागद तिच्यामागे दाबून चौकटीत घातला आणि चौकट देवळाच्या पायरीवर उन्हात ठेवली. हा कागद उन्हानेच काळा होतो. हौसाक्का त्यावर वाकून बसली. मी मधूनमधून मागची फळी उघडून सावलीत तिला दाखवत होतो. आधी तिची घोंगडी आली, मग त्याची. मग खांद्यावरचं कोकरू. मग हळूहळू, जसं कुणी दुरून चालत यावं, तसे दोघांचे चेहरे.

"आलं," ती म्हणाली. "आलं की गं बाई."

खरं आणि रंगवलेलं यातला फरकच त्यात राहिला नव्हता. दोघांच्या तोंडावर एकच उजेड होता. बोटभर अंतर कागदावर दिसत नव्हतं. तिचा हात त्याच्या खांद्यावर होता. पायाशी बसलेल्या मेंढराने मान हलवली असावी, कारण त्याला दोन तोंडं आली आहेत. हा दोष मी कबूल करतो आणि तो मला फार आवडतो.

धुऊन वाळवलेला कागद मी तिच्या हातात दिला. तिने तो पदराने टिपला, बराच वेळ बघितला, मग चोळीत जपून ठेवला आणि देवळाच्या आत गेली. आम्ही मागोमाग. रात्रीत मेंढपाळाचा एक गुडघा आणि काठीचं टोक गळून पडलं होतं. याकोबआबा बादलीपाशी बसून होते. कालपासून त्यांनी कुंचा उचलला नव्हता.

हौसाक्का भिंतीसमोर उभी राहिली.

"काड आता," ती म्हणाली.

याकोबआबांनी माझ्याकडे बघितलं. मी शांतवनकडे बघितलं. शब्दांचे अर्थ सांगणं हा ज्याचा पोटापाण्याचा उद्योग, तो खाली बघत होता. माझ्यापाशी एकही काच नव्हती, आणि ती माझ्याशी बोलत नव्हती, हे मला कळत होतं.

"बगतोस काय, याकोबा?" ती म्हणाली. "सनाला अर्दी भित बरी दिसती व्हय? असं तुकडं तुकडं हून पडन्यापरास तुज्या हातानं जाऊ दे."

एवढं बोलून ती बाहेर पडली आणि मेंढरांना हाक मारत माळाकडे गेली. दारातून येणारं ऊन थेट भिंतीवर आलं होतं, परातीवाचून, चेहरा लख्ख दाखवण्याइतकं.

याकोबआबांनी कुंचा बुडवला आणि खालून सुरुवात केली. पाय गेले, घोंगडी गेली, कोकरू गेलं. चेहऱ्यापाशी आल्यावर ते थांबले. कुंचा बादलीवर आडवा ठेवला. दोन्ही हातांनी डोक्यावरचं पागोटं काढलं, शांतवनच्या हातात दिलं, आणि मग कुंचा पुन्हा उचलला.